साडेचार इंच फीत

आठवड्याला एकशे चाळीस कोटी वेळा ज्याचं गाणं ऐकलं जातं, तो माणूस मला फोनवर विचारत होता, "घरतबाई, तुम्ही तरी ऐकलंय का हो माझं गाणं? मला आजवर एकही माणूस भेटला नाही ऐकलेला."

मला हसूच आलं. मी उरणची, आगऱ्याची पोर. आमच्याकडे त्या गाण्यावाचून नवऱ्याला हळद लागत नाही. पण फोन तक्रारीचा होता आणि मी कचेरीत होते, म्हणून एवढंच म्हटलं, "हो, ऐकलंय."

"मग सांगा," तो म्हणाला, "त्यातून माझ्या बायकोला कुणी काढलं?"

या माणसाचं नाव वोल्फराम टीलेन. वय शहाऐंशी, मुक्काम ब्रेमरहाफेन, जर्मनी. तरुणपणी गाणी लिहायचा, चाली बांधायचा, स्टुडिओत बसून रेकॉर्डी काढायचा. १९८४ साली त्याचं एक गाणं थोडंफार चाललं, मग पन्नास वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. आणि गेल्या तीन वर्षांत, काही कारण दिसत नसताना, तो जगातला सगळ्यात लोकप्रिय गीतकार होऊन बसला. तो जर्मन बोलायचा आणि मला मराठी ऐकू यायचं. भाषांतराच्या यंत्राने त्याला कुठल्यातरी निवृत्त मुख्याध्यापकाचा आवाज दिला होता. इतकं शुद्ध बोलणारा जर्मन ऐकून मला पहिल्या दिवशी माझ्याच मराठीची लाज वाटली.

मी कुंदा घरत. महाप्याला श्रवणगणना केंद्रात एकवीस वर्षं नोकरी. आमचं काम काय ते नीट सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

सध्या जगात रोज चाळीस लाख नवी गाणी निघतात. बहुतेक यंत्रांनी केलेली. एवढी ऐकणार कोण? कुणाच्या बापाला जमायचं नाही. म्हणून माणसांनी ऐकण्याचं कामही यंत्रावर सोपवलं. आपण कानात जे बटण घालतो, ते कानाच्या आतल्या कातडीवरून मेंदूतले विजेचे बारीक तरंग टिपतं. गाणं ऐकताना आपला मेंदू पुढचा सूर कोणता येणार याचा अंदाज सारखा बांधत असतो. अंदाज चुकला की सेकंदाच्या पाचव्या हिश्शात एक तरंग उमटतो. जरा ताणून मग अंदाज बरोबर ठरला की दुसरा, सुखाचा. दोन-तीन वर्षं हे तरंग साठवले की त्या माणसाच्या अंदाजांची एक नक्कल उभी करता येते. तिला म्हणतात प्रतिश्रोता. तुमचा प्रतिश्रोता तुमच्या वतीने दिवसाला लाखभर गाणी ऐकतो आणि त्यातली पाच तुमच्या कानात घालतो. लोकप्रियता मोजतात ती या नकलांच्या ऐकण्यावरून. टीलेनला जिवंत माणूस भेटत नव्हता यात नवल ते काय!

प्रत्येक नकलेमागे खरा माणूस आहे की नाही, निदान होता की नाही, हे मी तपासते. दुसरं काम काटछाटीचं. एखाद्या गाण्यात एकाच जागी कोट्यवधी प्रतिश्रोते नाक मुरडायला लागले, तर यंत्र तेवढा भाग कापून नवी प्रत पुढे करतं. मग एका जिवंत माणसाने दोन्ही प्रती ऐकायच्या आणि कुठली बरोबर ते ठरवायचं, असा कायदा आहे. हरलेल्या प्रतीवर 'सदोष' शिक्का पडतो आणि ती जगातल्या सगळ्या साठ्यांतून काढून टाकतात.

टीलेनच्या गाण्याची फाइल मी उघडली. मूळ प्रतीवर 'सदोष' होतं. 'मध्ये अडीच सेकंदांचा अनावश्यक भाग, ताल मोडतो', असा शेरा. खाली सही: कुं. हि. घरत.

सही माझीच होती. सहा महिन्यांपूर्वीची. असे शिक्के मी दिवसाला साठ मारते, तेही वादाच्या जागेचे चार-सहा सेकंद ऐकून, त्यामुळे मला आठवतही नव्हतं.

टीलेनने त्याच्या जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेली मूळ प्रत तक्रारीसोबत जोडली होती. मी ती लावली. धृपद संपता संपता वाद्यं थांबतात, आणि कुणी बाई उतरत्या तीन सुरांत नुसतंच गुणगुणते. तिसऱ्या सुरावर तिला हसू फुटतं. मग पुन्हा वाद्यं. मला ते ऐकताना जिन्याची एक पायरी जास्त निघाल्यासारखं झालं. पुन्हा ऐकलं, पुन्हा तेच. मी खोटा शिक्का मारला नव्हता. माझ्या कानाला ते खरंच चूक वाटत होतं.

"ती आनेलीझ," टीलेनने सांगितलं. "गाणारी नव्हती ती. मला स्टुडिओत जेवण घेऊन आली होती. माइक बंद आहे असं समजून तिने तेवढं म्हटलं आणि स्वतःलाच हसली. मी ते राहू दिलं. पुढच्या हिवाळ्यात ती गेली."

"तिचा दुसरा आवाज नाही कुठे?"

"घरात सात टेपरेकॉर्डर होते, घरतबाई. पण बायकोचा आवाज कशाला भरून ठेवायचा? ती होतीच की घरात."

मी म्हटलं, "काका, रेकॉर्ड आहे ना तुमच्याकडे? ती लावा आणि ऐका. जगाचं काय घेऊन बसलात!"

तो म्हणाला, "चार वर्षांपूर्वी माझे कान गेले. आत यंत्र बसवलंय. ते बोलणं सरळ ऐकवतं, पण गाणं साफसूफ करून ऐकवतं. कुठला सूर खरा आणि कुठला गोंगाट हे ते तुमच्या त्या श्रोत्यांना विचारून ठरवतं. पहिलं वर्ष ती ऐकू यायची. आता त्या जागी नुसतं पाणी तापत ठेवल्याचा आवाज येतो. ती तिथे आहे हे मला माहीत आहे. सुई तिच्यावरून जाताना मी बघतो."

'चौकशी करून कळवते' असं काहीतरी कचेरीतलं बोलून मी फोन ठेवला.

रविवारी उरणला गेले. माझा चुलतभाऊ जगन आता माझ्या बाबांची बेंजो पार्टी चालवतो. नाव अजून तेच, 'हिरामण मास्तर आणि पार्टी'. बाबांनी साठ वर्षं बेंजो वाजवला. शाळा चौथीपर्यंत, कागदावरचा सूर कधी वाचला नाही. जे ऐकलं ते बोटांत उतरलं. माझा मामा बोटीवर होता, त्याने शहाऐंशी साली हॅम्बर्गच्या बाजारातून एक कॅसेट आणली. वरचं नाव कुणाला वाचता येईना, म्हणून गाण्याचं नावच पडलं 'जर्मन'. नवरा पाटावर बसला की मांडवातून ओरडा सुरू, "मास्तर, जर्मन लावा!" आणि त्या गाण्यात एका जागी ताल मध्येच तुटून पुढे जातो, तिथे सगळ्यांनी एकदम उडी मारायची आणि टाळी द्यायची. ती 'मास्तरची उडी'. अलिबागपासून पनवेलपर्यंत आता सगळ्या पार्ट्या ती उडी घेतात.

"ती कॅसेट आहे का रे?" मी जगनला विचारलं.

"म्हंजे काय! मास्तरची पेटी मी देवाजवल ठेवलीय." त्याने पेटी काढली. कॅसेट कापडात गुंडाळलेली होती. मी पेन्सिल घालून फीत हळूहळू फिरवली आणि मध्यावर मला लाल ठिपका दिसला. नेलपॉलिश. आईचं.

मी तेव्हा पाच वर्षांची होते. कॅसेट घरात येऊन दोनच दिवस झाले होते. आत काय चमकतंय ते बघायला मी बोट घालून फीत ओढली आणि ती तुटली. बाबांनी मला मारलं नाही. ब्लेडने चुरगळलेला भाग कापला, दोन्ही टोकं आईच्या नेलपॉलिशने जोडली आणि वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. कापलेला तुकडा मी मागून घेतला आणि बाहुलीच्या केसांना बांधला. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेदोन-दोन इंच सरकते. अडीच सेकंद म्हणजे साडेचार इंच. बाहुलीच्या दोन वेण्यांना तेवढीच पुरली होती.

बाबांनी ते गाणं बसवलं ते या जोडलेल्या कॅसेटवरून. ढोलवाला कुरकुरला होता, मास्तर, इथे ताल पडतो. बाबा त्याला म्हणाले होते, "जर्मन माणूस आहे, त्याला कळत असेल." म्हणून मग उडी मारून ताल गाठायचा. बाबांना खरं ठाऊक होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर फीत कुणी तोडली हेही सांगावं लागलं असतं.

जगन डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजे गो ताय, आपून पन्नास वर्सं चुकीचा वाजवताव?"

"आपण वाजवतोय तोवर ठीक होतं रे," मी म्हटलं. पण मला प्रश्न पडला होता तो वेगळाच. चुकीचा कान माझा, जगनचा, फार तर चार तालुक्यांचा. उरलेल्या जगाला ती उडी कुणी शिकवली?

उत्तर प्रणोतीने दिलं. प्रणोती आमच्याकडची इंजिनिअर, वयाने माझ्या अर्ध्याहून कमी, पण डोकं भलतंच चालतं. सोमवारी तिने माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, नवीन गिऱ्हाईक दोन-तीन वर्षं थांबत नाही. त्याला पहिल्या दिवसापासून प्रतिश्रोता हवा असतो. म्हणून एक तयार प्रतिश्रोता देतात, आणि मग तो हळूहळू त्या माणसाचा होतो. दही लावताना विरजण घालतो ना, तसं. आम्ही त्याला विरजणच म्हणतो. अठ्ठेचाळीस कोटी लोकांना एकच विरजण लागलंय. ज्याचे तरंग सगळ्यात स्वच्छ होते असा एक म्हातारा निवडला होता त्यांनी. प्रत्येक सूर यायच्या आधी ओळखून बसायचा."

"कोण?"

तिने पडदा माझ्याकडे वळवला. घरत, हिरामण पांडुरंग. मृत. वारसाची संमती: कुंदा.

बाबा जाऊन पाच वर्षं झाली होती. शेवटची तीन वर्षं ते खाटेवर होते आणि करमणूक म्हणून मीच त्यांच्या कानात बटण घातलं होतं. ते गेल्यावर त्यांचा प्रतिश्रोता चालू ठेवायचा का, असा अर्ज आला तेव्हा मी डोळे झाकून 'हो' केलं. त्याचं कारण सांगायला आता लाज वाटत नाही. माझ्या टेबलावर बाबांचा काटा असतो, त्यांच्या प्रतिश्रोत्याला जोडलेला. मी काही लावलं की ते बाबांना कसं वाटलं असतं ते काटा दाखवतो. रोज एक वाजता मी डबा उघडते आणि बाबांना काहीतरी ऐकवते. मी गझल लावली की काटा धाडकन खाली. जिवंतपणीही म्हणायचे, "ती रडगाणी बंद कर गो." 'जर्मन' लावलं की काटा पार वर, आणि उडीच्या जागी टोकाला टेकायचा. तो माझा बाप नव्हे हे मला कळत होतं. पण डबा खाताना समोर कुणीतरी लागतं माणसाला.

तर असं झालं होतं सगळं. बाबांना जर्मन आवडायचं, म्हणून अठ्ठेचाळीस कोटी नकलांना ते आवडलं. बाबांना त्यात उडी लागायची, म्हणून आनेलीझ सगळ्यांना खटकली. यंत्राने ती कापली. आणि नशीब बघा, माणसाचा कान म्हणून जो एक कान विचारला, तो हिरामण मास्तरच्या पोरीचा निघाला.

"वारसाने संमती काढून घेतली तर?" मी विचारलं.

प्रणोतीने नियम काढून दाखवला. "तर विरजण नष्ट करावं लागतं. त्यावर लागलेले सगळे प्रतिश्रोते नव्वद दिवसांत नव्या विरजणावर उभे करायचे. कानातल्या यंत्रांचेसुद्धा."

"मग ती बाई परत ऐकू येईल त्याला?"

"नियमाप्रमाणे यायला हवी. पण मॅडम, आजवर कुणी विरजण काढलेलंच नाही. आणि बाबांची नक्कल गेली की गेली. तिची प्रत ठेवता येत नाही, तोही नियमच."

मी तिला म्हटलं, विचार करते. विचार कसला डोंबलाचा! तीन आठवडे मी चिडचिड करत होते. एका म्हाताऱ्याच्या अडीच सेकंदांसाठी मी माझा बाप का पुसून टाकू? बाप माझा, आणि त्याने मला वाचवायला पन्नास वर्षं तोंड मिटून ठेवलं. टीलेनचा फोन आला की मी मुद्दाम उचलायची नाही. एकदा चुकून उचलला.

"मी घाई करत नाही," तो म्हणाला. "आणि लोकप्रियता नको असंही म्हणत नाही, खोटं कशाला बोलू? रोज सकाळी उठून मी आधी आकडा बघतो. बरं वाटतं. पण घरतबाई, हल्ली एक होतंय. मी मनात गाणं म्हणून बघतो ना, तेव्हाही ती येत नाही. मी तिच्यावरून उडी मारून पुढे जातो."

त्याने 'उडी' म्हटलं की यंत्राने भाषांतरात घातलं, कोण जाणे. मला ते झोंबलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी डबा उघडला नाही. बाबांना मूळ प्रत लावली. काटा चढत गेला, चढत गेला, आणि आनेलीझ गुणगुणली तसा खाली पडला. मी परत लावली. परत तिथेच, तेवढाच. अकरा वेळा लावली. बाबा जिवंत असते तर तिसऱ्या वेळी म्हणाले असते, थांब, ही बाई चांगली म्हणते की! आणि चौथ्या वेळी बोटांत घेतलं असतं. पण मेलेला माणूस शिकत नाही. एकदा, फक्त एकदा काटा केसभर कमी पडला असता, तर मी सही केली नसती.

"बाबा," मी म्हटलं, "फीत मी तोडली होती. तुम्ही नाव घेतलं नाहीत माझं. आता मीच घेते."

सही केली. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. त्यानंतर मी टेबलाशी बसून भात खाल्ला. खाऊ नये असं वाटत होतं, पण सकाळपासून उपाशी होते.

नव्वद दिवस मी कॅलेंडरवर रेघा मारल्या. एक्याण्णवव्या दिवशी जर्मनचा आकडा पाहिला तर एकशे साठ कोटी. गाणं लावलं. उडी जिथल्या तिथे.

प्रणोती आली आणि बसली नाही, उभीच राहिली. तिचे डोळे लाल होते.

"विरजण काढलं त्यांनी," ती म्हणाली. "खरोखर काढलं, मी तपासलं. पण नवं विरजण करायला काय घेतलं माहितीये? सध्याच्या सगळ्या श्रोत्यांची सरासरी."

"म्हणजे बाबाच."

"हो. बाबांशिवाय बाबा. लागलेल्या दह्यातून पहिला चमचा कसा काढणार, मॅडम?"

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडले. सगळी कचेरी वळून बघायला लागली.

"मला माहीत नव्हतं हो," ती म्हणाली आणि रडायला लागली. ती खरंच बोलत होती. मग मीच तिच्या पाठीवर हात फिरवत बसले. माझ्या पाठीवर कुणी फिरवायचा, हे कुणाला सुचलं नाही.

दुपारी टीलेनला फोन लावला. त्याने दिवस मोजले होते. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मी आज दाढी केली आहे. कोट घातला आहे. हसू नका. तीन वर्षांनी ती घरी येतेय."

मला सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं. पण तेवढ्यात त्याने रेकॉर्ड लावलीसुद्धा.

माझ्या कानात बटण नव्हतं, साधा फोन कानाला लावला होता. खरखर आली, गाणं सुरू झालं. धृपद झालं. वाद्यं थांबली. आनेलीझने तीन सूर म्हटले आणि ती हसली. इतकी स्पष्ट, की मला तिच्या हातातलं भांडं वाजलेलं ऐकू आलं. मग वाद्यं पुन्हा सुरू झाली आणि दुसरं कडवं लागलं.

टीलेन हळूच म्हणाला, "आता येईल ना?"

मी म्हटलं, "काका, येऊन गेली."

बराच वेळ रेकॉर्ड वाजत राहिली. मग त्याने सुई उचलली. मी त्याला सगळं सांगितलं, फीत, नेलपॉलिश, बाबा, माझा शिक्का, सगळं. तो चिडेल, शिव्या घालेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने एवढंच विचारलं, "तुमचे वडील आता नाहीत? नक्कलसुद्धा?"

"नाही."

"माझ्यामुळे."

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "पहिल्यापासून माझ्यामुळेच."

मग तो म्हणाला, "घरतबाई, नुसता गळा असेल, मागेपुढे वाद्यं किंवा रेकॉर्डची खरखर नसेल, तर माझं यंत्र त्याला बोलणं समजतं, हात लावत नाही. तुम्ही तिला आत्ता ऐकलंत. तेवढे तीन सूर म्हणून दाखवा. कसेही म्हणा."

मी दरवाजा लावून घेतला. धृपदाच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली, शेवटाला आले, आणि माझा गळा सरळ दुसऱ्या कडव्यात गेला. "थांबा," म्हटलं, "पुन्हा." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्या जागी जबरदस्तीने थांबले, नुसते ते तीन सूर शोधायला लागले. तर हाताशी आले ते उडीनंतरचे. मूळ प्रत वीसेक वेळा ऐकली होती मी! पण मांडवात, शाळेच्या मैदानात, बाबांच्या मांडीवर बसून पन्नास वर्षं मी तिथे उडी मारली होती, आणि गळ्याला दुसरा रस्ता ठाऊकच नव्हता. मी रडायला लागले.

"राहू द्या," तो म्हणाला. "नुसतं सांगा. हसली कशी?"

"तोंडात घास असताना हसू यावं तशी."

"सूप होतं," तो म्हणाला. "वाटाण्याचं. आणलं माझ्यासाठी, पण निम्मं तिनेच प्यायलं."

मी त्याला शब्द दिला, गाणारी बाई शोधते, पुढच्या सोमवारी तिला समोर बसवून म्हणायला लावते. माणूस मिळालाही, पनवेलची एक गाण्याची शिक्षिका, कानात बटण न घालणारी. पण टीलेन शनिवारीच गेला. त्याच्याकडे जाणाऱ्या परिचारिकेने कळवलं. कोट अंगातच होता म्हणे.

त्या आठवड्यात आकडा दोनशे कोटींवर गेला. मी सवयीने यादी तपासली. टीलेनचा स्वतःचा, कानातल्या यंत्राने केलेला प्रतिश्रोता चालू आहे. त्याला वारस नाही, आणि वारस नसला की नियमाने तो चालूच राहतो, संमती काढून घेणारंही कुणी नाही. तो रोज ऐकतो, तेच गाणं, कापलेलं, आणि उडीच्या जागी त्याची पसंती टोकाला जाते. बाबांच्या नावासमोर रेघ आहे.

वैशाखात जगनच्या मुलीची हळद होती. मी आधीच जाऊन जगनला तो तुकडा शिकवला. म्हणजे शिक्षिकेने शिकवला, मी समोर बसून राहिले. "एकदा तरी पुरता वाजव रे," मी त्याला म्हटलं. "एका म्हाताऱ्याला शब्द दिलाय." जगन कधी नाही म्हणत नाही. त्याने आठवडाभर घासून तयारी केली.

संध्याकाळी मांडव भरला. मुलीला पाटावर बसवलं, तिच्या मैत्रिणी ओरडल्या, "जर्मन! जर्मन!" जगनने माझ्याकडे बघितलं आणि सुरू केलं. धृपदाच्या शेवटी तो थांबला, आणि बेंजोवर ते तीन सूर त्याने इतके हळुवार काढले की मला आनेलीझ दिसली. पण मांडवाने उडी मारून टाकली होती. टाळी पडली, पाय खाली आले, आणि गाणं अजून मागेच होतं. ढोल अडखळले. पोरं एकमेकांवर आपटली. आमची म्हातारी सोनाआत्या हसत हसत ओरडली, "चुकला रं जगन! मास्तर असता तर कान पिळला असता तुझा!" सगळा मांडव हसला.

जगनने मान खाली घातली आणि दुसऱ्या फेरीला त्याने उडी घेतली. सगळ्यांनी टाळी दिली. माझीही पडली, अगदी वेळेवर.